शेवटून सुरुवात करा: रनिंग ग्रुपमध्ये नव्यानं येणाऱ्यांसाठी

"जरा पळता यायला लागलं की येतो," असं सांगणारी माणसं मला दर महिन्याला दोन तरी भेटतात. त्यातली बहुतेक येतच नाहीत. पहिल्या तीन आठवड्यांचा कंटाळा आणि पायदुखी एकट्यानं निस्तरायची, आणि ते जमलं की मग सोबत शोधायची, हा हिशेबच उलटा आहे. सोबत लागते ती त्या तीन आठवड्यांतच.

माझी चूक वेगळी होती. मी पहिल्याच दिवशी गेले आणि सगळ्यात पुढच्या चौघांबरोबर पळाले. ते आपापसांत निवांत गप्पा मारत होते, म्हणून मला वाटलं, हळूच पळतायत. दीड किलोमीटरवर मी गुडघ्यांवर हात टेकून, ओणवी होऊन उभी होते. गप्पा ते मारत होते, मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. पुढे जे लिहिलंय ते बरंचसं याच गोष्टीभोवती फिरतं.

येण्याआधी

बरीच वर्षं व्यायाम नसेल, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा काही त्रास असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. जिना चढताना छातीत दाटून येतं, चक्कर येते, असं काही होत असेल तर ते "वयाप्रमाणे होतं" म्हणून झाकून ठेवू नका. हे एक काम ग्रुप तुमच्यासाठी करू शकत नाही.

बूट मात्र नीट घ्या. दिवसभरात पाऊल थोडं सुजतं आणि पळतानाही सुजतं, म्हणून बूट संध्याकाळी घालून बघावेत. सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर उतारावर नखं काळी पडतात. मोजे शंभर टक्के सुती नकोत, सूत घाम धरून ठेवतं आणि ओल्या मोज्यात फोड येतात. बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. वरून नवा दिसत असला तरी आतला फोम तोवर बसलेला असतो. घड्याळ, पट्टा, पोटऱ्यांवरच्या घट्ट नळ्या, यांतलं काहीही पहिल्या तीन महिन्यांत लागत नाही. घ्यायचंच असेल तर घ्या, पण त्यानं दम वाढत नाही.

ग्रुप बघायला कधी जायचं? सगळे परत येतात तेव्हा

जाहिरातीतले फोटो बघून ग्रुप निवडू नका. एक दिवस नुसतं जाऊन उभं राहा, आणि तेही सुरुवातीला नाही, पळणं संपण्याच्या वेळेला. सगळ्यात शेवटी येणाऱ्या माणसाकडे लक्ष ठेवा. त्याच्यासोबत कुणी आहे का? तो पोचला तेव्हा बाकीचे तिथे होते, की पिशव्या उचलून निघून गेले होते? एवढ्यानं त्या ग्रुपबद्दल जेवढं कळतं तेवढं तासभर बोलूनही कळणार नाही.

मग जो ग्रुप चालवतो त्याला दोन-तीन प्रश्न विचारा. नवीन माणसाला पहिल्या दिवशी काय करायला लावता? दुखत असलं तर काय करायचं? सगळ्यांनी स्पर्धेत उतरायलाच हवं का? "सगळ्यांना एकच अंतर" आणि "दुखणं अंगावर काढायचं" ही उत्तरं आली तर नमस्कार करून निघावं. प्रशिक्षक किती वेगवान आहे हे गौण आहे. वेगवान माणसाला स्वतःचे पहिले दिवस आठवत असतातच असं नाही.

पहिला दिवस

दहा-पंधरा मिनिटं आधी पोचा. नाव सांगा आणि सोबत एक वाक्य स्वच्छ सांगून टाका: "मी नवीन आहे, चालत-पळत करणार आहे." हे वाक्य न सांगितल्यामुळे जितकी माणसं पहिल्या दिवशी धापा टाकत बसली, तितकी मोजायला बोटं पुरायची नाहीत. घरच्या कुणाचा तरी फोन नंबर ग्रुपमधल्या एकाकडे द्या. काही औषध चालू असेल तर तेही त्याला माहीत असू दे.

वॉर्म-अप चुकवू नका. पाच मिनिटं भराभर चालणं, गुडघे वर उचलणं, टाचा मागे नेणं, पाय पुढे-मागे झोके दिल्यासारखे हलवणं. स्नायू ताणून तसेच धरून ठेवायचं स्ट्रेचिंग पळून झाल्यावर करा, आधी नको.

मग कुणीतरी विचारेल, "पेस काय तुमचा?" घाबरायचं काही नाही. एक किलोमीटरला किती मिनिटं लागतात तो पेस. आकडा लहान तितका वेग जास्त, एवढंच डोक्यात उलटं बसवून घ्यावं लागतं. भराभर चालणाऱ्याचा पेस साधारण दहा असतो. सातचा पेस असणारा आणि नऊचा पेस असणारा यांच्यात पाच किलोमीटरला दहा मिनिटांचं अंतर पडतं, आणि ग्रुप चालवण्याचं सगळं कौशल्य या दहा मिनिटांत आहे. त्याकडे नंतर येते.

तुमचा स्वतःचा पेस तुम्हाला अजून माहीत नाही. "माहीत नाही" हेच उत्तर द्या. तो शोधायची युक्ती सोपी आहे: पळता पळता शेजारच्याला आपल्या घराचा पूर्ण पत्ता सांगा. न अडखळता सांगता आला तर वेग बरोबर. दर दोन शब्दांनी श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा. गाणं म्हणता येत असेल तर थोडं वाढवायला हरकत नाही. व्यायामशास्त्रातही ही बोलण्याची चाचणी मानली जाते, आणि नवशिक्याच्या हातात ती घड्याळापेक्षा भरवशाची ठरते. घड्याळाला आज ऊन आहे, काल झोप झाली नव्हती, हे कळत नाही. श्वासाला कळतं.

म्हणजे ग्रुपमधल्या गप्पा हे पळण्याच्या तोंडी लावणं नाही. गप्पा थांबल्या याचा अर्थ वेग चुकला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे जगातल्या नामांकित प्रशिक्षकांपैकी एक. १९६०च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यांचे दोन शिष्य, पीटर स्नेल ८०० मीटरमध्ये आणि मरे हालबर्ग ५००० मीटरमध्ये, एकाच दिवशी सुवर्णपदक जिंकले. पण याच लिडियार्डनी ऑकलंडमध्ये साध्या, वयस्कर, पोट सुटलेल्या माणसांनाही हळू पळायला लावलं. १९६२च्या अखेरीस अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बोवरमन तिकडे गेले. वय ५१, जगभरातल्या धावपटूंना ओळखणारा माणूस. लिडियार्ड त्यांना या मंडळींबरोबर पळायला घेऊन गेले आणि थोड्याच वेळात बोवरमन मागे पडले. त्यांना सोबत म्हणून एक माणूस मुद्दाम मागे थांबला. तो सत्तरी ओलांडलेला होता आणि हृदयविकाराच्या झटक्यांतून उठलेला होता. बोवरमन परत गेले ते हे खूळ डोक्यात घेऊनच. त्यांनी आपल्या गावात लोकांना हळू पळायला बोलावलं, १९६७मध्ये एका हृदयरोगतज्ज्ञाच्या जोडीनं जॉगिंगवर पुस्तक लिहिलं, आणि अमेरिकेत लाखो लोक रस्त्यावर पळायला लागले. त्या म्हाताऱ्यानं त्या दिवशी मागे थांबायचा कंटाळा केला असता तर काय झालं असतं, हा विचार मला अधूनमधून सुखावतो.

पहिले नऊ आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक-एक दिवस सोडून. पहिले दोन आठवडे एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं दहा वेळा. तिसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, सात वेळा. चौथ्या आठवड्यात काही वाढवू नका, तिसराच परत करा. पाचव्यात तीन मिनिटं पळून एक मिनिट चालणं, सहाव्यात पाच मिनिटं पळून एक मिनिट, सातव्यात आठ मिनिटं पळून एक मिनिट, हे तीन वेळा. आठव्यात बारा-बारा मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये एक मिनिट चाल. नवव्या आठवड्यात बहुतेकांना वीस ते पंचवीस मिनिटं सलग पळता येतं. कुणाला बारा आठवडे लागतात. लागू देत.

चालायची लाज वाटते, हे मला माहीत आहे. सगळे पळत असताना आपण एकटेच चालतोय, तेही गर्दीच्या वेळी! पण जेफ गॅलोवे हे अमेरिकेचे धावपटू १९७२च्या ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर पळाले होते, आणि पुढे त्यांनी आयुष्यभर लोकांना शिकवलं काय, तर पळताना मध्ये मध्ये ठरवून चालायचं. दमल्यावर चालायचं असं नाही, दमण्याआधी चालायचं. पहिल्या मिनिटापासून. दमल्यावर थांबलात तर तो पराभव वाटतो. ठरलेल्या वेळी चाललात तर तो सरावाचा भाग असतो.

घाई का नको? दम लवकर वाढतो. तीन-चार आठवड्यांतच हृदय आणि फुप्फुसं सरावतात आणि माणसाला वाटतं, आता आपण दहा किलोमीटर मारू. हाडं आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा यांना मात्र सरावायला महिने लागतात. छाती "चल" म्हणते तेव्हा नडगी अजून तयार झालेली नसते. ग्रुपमधले नवीन लोक जायबंदी होतात ते बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, अंगात जोर आल्यावर. दर आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये, असं सांगतात. तो काही निसर्गनियम नाही, पण लगाम म्हणून चांगला आहे.

"आज इझी आहे" या वाक्यापासून सावध

फळ्यावर किंवा फोनवर शब्द येतील: इझी, लाँग, टेम्पो, इंटरव्हल, हिल. इझी म्हणजे पत्ता सांगता येईल असं पळणं. लाँग म्हणजे तेच, पण जास्त वेळ. टेम्पो म्हणजे तुटक तुटक शब्दच बोलता येतील असा, वीसेक मिनिटं टिकणारा वेग. इंटरव्हल म्हणजे जोरात पळणं आणि मध्ये विश्रांती. हिल म्हणजे चढ, त्याला व्याख्या लागत नाही. पहिल्या तीन महिन्यांत तुमच्यासाठी इझी आणि जमलं तर थोडा लाँग. बाकीचे शब्द नुसते ऐकून ठेवा.

मोठी फसगत इझीच्या दिवशी होते. सगळे नऊच्या पेसनं निघतात. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतो जो शेजारच्याच्या खांद्यापेक्षा कायम अर्धं पाऊल पुढे राहतो. मुद्दाम नाही, सवयच तशी. शेजारचा नकळत त्याला गाठतो, तो परत अर्धं पाऊल पुढे. वीस मिनिटांनी सगळे सव्वाआठच्या पेसनं पळतायत, कुणालाच कळलेलं नाही, आणि कुणी विचारलं तर प्रत्येक जण म्हणणार, "मी नाही वाढवला." अशा वेळी मोठ्यानं एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर लांबलचक असेल. उत्तर तुटक आलं तर सगळ्यांनाच कळतं. हे धाडस नवीन माणसानं करायला हरकत नाही. मनातून बरेच जण दुवा देतात.

जोडीदार निवडतानाही हेच भान ठेवा. १९२०च्या दशकात ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं बर्लिनमधल्या नौकानयन क्लबच्या मंडळींना वजन उचलायला लावलं, आधी एकेकट्यानं आणि मग जोडीनं. जोडीतला एक थांबला की दोघांचं संपलं, असा नियम. दुबळा गडी जोडीत एकट्यापेक्षा जास्त वेळ टिकला. पण हा फायदा दोघांच्या ताकदीत बेताचा फरक असतानाच सगळ्यात जास्त होता. फरक फार मोठा असला की तो ओसरायचा. पळण्यातही मला हेच दिसत आलंय. किंचित पुढचा जोडीदार खेचून नेतो, फार पुढचा असला तर आपण मनानं आधीच त्याचा नाद सोडलेला असतो.

ती दहा मिनिटं

आता वेगवेगळ्या पेसच्या माणसांनी एकत्र पळायचं कसं, हा मुद्दा. सगळ्यात वाईट पद्धत सगळ्यात जास्त रूढ आहे. पुढचे लोक चौकात थांबतात, पाणी पितात, घाम पुसतात. मागचा धापा टाकत पोचतो. तो पोचला रे पोचला की पुढचे म्हणतात, "आले सगळे? चला!" म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज सगळ्यात जास्त, त्याला ती शून्य मिळाली, आणि ज्यांना गरज नव्हती त्यांनी पाच मिनिटं खाल्ली. हा थांबण्याचा देखावा आहे. तुमच्या ग्रुपमध्ये असं होत असेल तर पहिल्या महिन्यात गप्प बसा, दुसऱ्या महिन्यात बोला.

यावर दोन साधे उपाय आहेत. एक म्हणजे पुढच्यांनी थांबायचंच नाही, उलट वळायचं. ठरलेल्या ठिकाणी पोचले की मागे पळत जायचं, शेवटच्या माणसाला गाठायचं, त्याच्या मागून वळसा घेऊन परत पुढे यायचं. पुढच्यांचं अंतर वाढतं, मागच्याला सोबत मिळते, कुणाचंच अंग थंड पडत नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. अंतर ठरवायचं नाही, वेळ ठरवायची. सगळ्यांनी एकाच रस्त्यानं वीस मिनिटं आपापल्या पेसनं जायचं, वीस मिनिटं झाली की जिथे असाल तिथून वळायचं. सातच्या पेसवाला तीन किलोमीटरला थोडा कमी गेला असेल, नऊवाला सव्वादोनच्या आसपास. वळल्याबरोबर चित्र पालटतं: सगळ्यात हळू पळणारा सगळ्यात पुढे! आणि प्रत्येकानं आपला वेग राखला तर चाळिसाव्या मिनिटाला सगळे जवळजवळ एकत्र पोचतात. पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्या मागून पावलांचे आवाज जवळ येत होते आणि मी आयुष्यात पहिल्यांदा "पुढे" होते. तो दिवस मी विसरलेले नाही.

जोरात पळायच्या सरावातही अंतराऐवजी वेळ धरली की प्रश्न मिटतो. दोन मिनिटं जोरात, शिट्टी वाजली की सगळ्यांनी वळून एकमेकांकडे चालत यायचं, परत एकत्र सुरुवात. स्वीडनचे प्रशिक्षक यॉस्टा होल्मर यांनी १९३०च्या दशकात फार्टलेक नावाचा प्रकार रुजवला. शब्दाचा अर्थच "वेगाचा खेळ". त्या झाडापर्यंत जोरात, पुढच्या वळणापर्यंत हळू. ग्रुपमध्ये पाळीपाळीनं प्रत्येकानं खूण ठरवायची. नवीन माणसाची पाळी आली की तो हमखास जवळचं झाड दाखवतो आणि सगळे हसतात.

रस्त्यावरचे रिवाज

वेळेला निघतात म्हणजे वेळेलाच निघतात. उशीर झाला तर फोन करून थांबवू नका, मागून या. दोनापेक्षा जास्त जणांनी शेजारी-शेजारी पळू नका, मागून चालणारे लोकही त्या रस्त्याचे मालक आहेत. फुटपाथ नसेल तर गाड्या समोरून येताना दिसतील अशा बाजूनं पळा. अंधारात उजळ, चमकणाऱ्या पट्ट्यांचे कपडे घाला. खड्डा, कुत्रा, सायकल, जे दिसेल ते ओरडून मागे सांगा, आणि मागच्यानं त्याच्या मागे. दोन्ही कानांत इअरफोन घालून ग्रुपमध्ये पळणारा माणूस ग्रुपमध्ये नसतोच. थुंकायचं असेल, नाक शिंकरायचं असेल तर आधी बाजूला आणि मागे बघा.

आणि न सांगता निघून जाऊ नका. हे मी दोनदा लिहीन: न सांगता निघून जाऊ नका. मधूनच घरी वळायचं असेल तर एकाला तरी सांगा. मोजणीत एक कमी भरला की सगळा ग्रुप परत त्या रस्त्यानं तुम्हाला शोधत फिरतो, आणि तुम्ही घरी आंघोळ करत असता.

पाणी तहान लागेल तसं प्या. तहान मारू नका, पण "जास्त प्यायलं की बरं" हेही खरं नाही. लांब पळताना भसाभसा पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं. उन्हाळा सुरू झाला की पहिले दहा ते चौदा दिवस शरीराला उन्हाची सवय व्हायला द्या, तेवढे दिवस पेसचं नाव काढू नका.

दुखणं

पळल्यानंतर मांड्या-पोटऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या दुखतायत, जिना उतरताना हाय-हाय होतंय, आणि एक ते तीन दिवसांत आपोआप कमी होतंय, तर ते सवयीचं दुखणं. हलकं चाला, झोप घ्या. पण एका बोटानं "इथेच" असं दाखवता येणारं, एकाच पायातलं, पळताना वाढत जाणारं किंवा रात्री आराम करतानाही ठणकणारं दुखणं वेगळं. तिथे थांबायचं आणि फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टर गाठायचा. नडगीच्या हाडावर बोट दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल तर अजिबात पळू नका. छातीत दुखणं, जबडा किंवा हाताकडे जाणारी कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तर तिथल्या तिथे थांबा आणि शेजारच्याला सांगा. ग्रुप यासाठीच आहे.

फोनवरच्या ग्रुपमध्ये मात्र "गुडघा दुखतोय" असं टाकू नका. दहा मिनिटांत अकरा उपाय येतात, त्यातले सहा एकमेकांच्या उलट असतात.

दुखापतीनं पळणं बंद असेल तरी येत राहा. पिशव्या सांभाळा, पाण्याच्या बाटल्या घेऊन वळणावर उभे राहा. घरी बसलेला माणूस पंधरा दिवसांत ग्रुपमधून गळतो, असा माझा अनुभव. बाटल्या धरणारा गळत नाही.

माणसं

पळताना माणसं शेजारी-शेजारी असतात, समोरासमोर नसतात. नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच, समोर बसून कधी बोलली नसती अशा गोष्टी लोक सातव्या किलोमीटरला सहज बोलून जातात. नोकरी गेली, बाबांचं आजारपण, मुलीशी अबोला. ते तिथेच ठेवायचं, फोनवर पसरवायचं नाही. आणि प्रत्येक वेळी सल्ला द्यायचा नसतो. "हं" पुरतं.

न विचारता कुणाच्या पळण्याच्या ढबीवर बोलू नका. वजनावर तर मुळीच नको, "बारीक झालीस" हे कौतुकसुद्धा नको. बाई एकटी मागे राहिली असेल तर कुणीतरी तिच्याबरोबर आहे ना, हे बघणं सगळ्यांचं काम आहे. चार दिवस कुणी दिसलं नाही तर एक फोन करा, "कुठे आहेस" एवढाच. त्यात टोमणा नको.

मागे राहण्याची भीती हा नवीन लोकांचा मुख्य आजार. लंडनच्या बुशी पार्कमध्ये २ ऑक्टोबर २००४ला तेरा जण पळाले, त्यातून पुढे पार्करन हा दर शनिवारचा पाच किलोमीटरचा उपक्रम अनेक देशांत पसरला. त्यात एक स्वयंसेवक ठरवून सगळ्यांच्या मागून चालतो, म्हणजे पळायला आलेला कुणीच शेवटचा ठरत नाही. इतकी साधी कल्पना! तुमच्या ग्रुपमध्ये असा माणूस नसेल तर सुचवा.

पहिली स्पर्धा

सलग तीस-चाळीस मिनिटं पळता येऊ लागलं की पाच किलोमीटरच्या स्पर्धेत नाव द्यायला हरकत नाही. मॅरेथॉनचं, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरचं, नाव पहिल्या वर्षात काढू नका, कुणी कितीही चढवलं तरी. बिब, म्हणजे स्पर्धेत मिळणारा नंबराचा कागद, छातीवर लावा, पाठीवर नाही. त्या दिवशी काहीही नवीन नको: बूट जुने, कपडे आधी घातलेले, खाणं नेहमीचं. रांगेत मागच्या बाजूला उभे राहा आणि पहिला किलोमीटर मुद्दाम हळू काढा. बंदूक वाजली की सगळे सुसाट सुटतात. त्यातले बरेच तुम्हाला तिसऱ्या किलोमीटरला चालताना भेटतील.

ग्रुपमधलं कुणी तुमच्या वेगानं सोबत पळायला तयार असेल तर संकोच न करता हो म्हणा. ६ मे १९५४ला रॉजर बॅनिस्टरनं एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत पळून चार मिनिटांची भिंत पहिल्यांदा ओलांडली, तेव्हा पुढे राहून वेग धरायला ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे हे दोन मित्र होते. ते तिघेही हौशी, कुणी पळण्यावर पोट भरणारा नव्हता. त्यांना चाललं, आपल्याला चालतं.

पोचल्यावर लगेच फोटो काढून घरी पळू नका. तुमच्या मागचे अजून रस्त्यावर आहेत.

आणि मग एक दिवस

सात-आठ महिन्यांनी कधीतरी एक नवीन माणूस येईल आणि ग्रुप चालवणारा तुमच्याकडे बोट दाखवून म्हणेल, "यांच्याबरोबर जा." त्या दिवशी तुमचा सराव बुडेल. घड्याळ बंद ठेवा, त्याच्या अर्धं पाऊल मागे राहा, आणि त्याच्याकडून त्याच्या घराचा पत्ता वदवून घ्या. पावणेदोन किलोमीटर राहिलेले असताना तो विचारेल, "किती राहिलं?" सगळे सांगतात, "झालंच की, हे काय, आलंच!" माणूस त्या शब्दावर उरलेला सगळा जोर लावतो, पुढच्या वळणावर काहीच दिसत नाही, आणि तिथे त्याचे पाय गळून जातात. त्याला सांगा, "पावणेदोन." आणि मग एक मिनिट चाला.